अलमट्टीवरचे दोन लेख : वाचकांसाठी मार्गदर्शन

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा आपल्या पुराशी काडीचाही संबंध नाही असे सांगणारा एक लेख आणि अलमट्टीमुळेच कोल्हापूर बुडते असे सांगणारा दुसरा, असे दोन्ही लेख वर्तमानपत्राच्या एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेले दिसले, तर वाचकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. कोणाचा युक्तिवाद बळकट आहे हे ठरवण्याची आपल्याकडे एक जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. तिच्यासाठी लेख वाचावे लागत नाहीत, हा तिचा पहिला गुण.

प्रथम लेखकाच्या नावाखालची ओळ पाहावी. तेथे ‘निवृत्त अभियंता’ असे असेल आणि निष्कर्ष आपल्या मनासारखा असेल, तर ज्याने उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली त्याला नाही कळणार तर कोणाला, असे म्हणावे. निष्कर्ष मनासारखा नसेल, तर ज्याने उभी हयात खात्यात काढली तो खात्याचीच तळी उचलणार, असे म्हणावे. ओळ तीच, नोकरी तीच. बळ मात्र आपण देऊ तेवढेच. समित्यांनाही हाच न्याय लावावा. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने वडनेरे समिती नेमली आणि त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष तिने २०२० च्या अहवालात काढला. ज्यांना हा निष्कर्ष सोयीचा आहे त्यांनी तिला ‘तज्ज्ञ समिती’ म्हणावे, ज्यांना गैरसोयीचा आहे त्यांनी ‘सरकारी समिती’. अहवाल मात्र दोघांनीही उघडू नये, कारण तो उघडला की अतिवृष्टीपाठोपाठ पूररेषेतील बांधकामांचा विषय निघतो, आणि तो निघाला की कोणाचा ना कोणाचा मेहुणा अडचणीत येतो. (आमचे मेहुणे बांधकाम व्यवसायात आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.)

आकड्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. प्रश्न एवढाच, की त्या आठवड्यात राधानगरीच्या खोऱ्यात पाऊस किती पडला, अलमट्टीतून रोज किती क्युसेक विसर्ग सोडला गेला आणि नृसिंहवाडीला, म्हणजे पंचगंगा कृष्णेला मिळते तेथे, पाणी किती फुगले. जो लेखक या तिन्ही गोष्टी तारीखवार मांडतो त्याचा लेख रटाळ समजावा. जो ‘हे तर उघडच आहे’ अशी सुरुवात करून ‘हे आंधळ्यालाही दिसेल’ असा शेवट करतो, त्याच्या युक्तिवादात दम आहे असे मानावे. ‘बहुधा’, ‘काही अंशी’, ‘उपलब्ध नोंदींवरून’ असे शब्द वापरणाऱ्याला स्वतःचीच खात्री नसते. त्याच्यावर आपण कशाला विश्वास ठेवावा?

गेल्या रविवारी एका मिसळीच्या दुकानात मी ही पद्धत प्रत्यक्ष वापरात असलेली पाहिली. दोन लेखांचे ते पान टेबलावर पसरलेले होते आणि ‘५१९.६० मीटर’ या आकड्यावर कटाचा तेलकट थेंब पडून दशांशचिन्ह नाहीसे झाले होते. ही अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी. कर्नाटकाला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात त्याला अनुमतीही दिली आहे. फरक साडेचार मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे पंधरा फुटांचा. टेबलाच्या अलीकडचे गृहस्थ वडनेरे समितीवर बोट ठेवून बसले होते, पलीकडचे पंधरा फुटांवर. दोघेही पावाच्या तुकड्याने आपापला परिच्छेद झाकत होते, जणू समोरचा तो चोरून नेणार होता.

आता येथे एक धोका आहे आणि तो सांगणे माझे कर्तव्य आहे. दोन्ही लेख शेवटपर्यंत वाचले, तर असे ध्यानात येण्याची भीती असते, की ते एकमेकांच्या विरोधात नाहीतच. पहिला सांगतो, की सध्याच्या उंचीमुळे २०१९ चा पूर आला नाही. दुसरा सांगतो, की उंची वाढली तर पुढच्या पुरात धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा फुगवटा वाढेल. एक झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो, दुसरा होऊ घातलेल्या. पहिल्याचे खरे ठरले म्हणून दुसऱ्याचे खोटे ठरत नाही, आणि दुसऱ्याचे खरे ठरले तरी २०१९ चे खापर अलमट्टीवर फुटत नाही. हे कळले की भांडायला काही उरत नाही, आणि कोल्हापुरात मिसळ संपायच्या आत भांडण संपणे शोभत नाही. म्हणून मथळा आणि पहिला परिच्छेद यांपुढे जाऊ नये. माझे ऐकून ते दोघेही थांबले, आणि कटाची दुसरी वाटी येईपर्यंत चर्चा उत्तम रंगली.

राहता राहिले आमचे मेहुणे. दोन्ही लेख नीट वाचलेला माझ्या परिचयातला हा एकच माणूस. दुसऱ्या लेखात पूररेषेचा उल्लेख एकदाही नाही, हे त्यांनी पेन्सिलीने खात्री करून पाहिले आणि तो फार अभ्यासपूर्ण असल्याचा निर्वाळा दिला. त्याचे कात्रण सध्या त्यांच्या बुकिंग ऑफिसात काचेखाली लावलेले आहे. फ्लॅट पाहायला येणारी मंडळी ते उभ्या उभ्या वाचतात, कर्नाटकाला चार शब्द सुनावतात, आणि खिडकीतून दिसणारी नदी किती फुटांवर आहे हे विचारायचे विसरून पार्किंगचे दर विचारू लागतात.