‘गे लोकांचं रक्त नको’ म्हणणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात मंडळांच्या रक्तदान शिबिरांची गडबड सुरू होते आणि सोसायट्यांच्या, कॉलेजांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा आशय असा: गे लोकांच्या रक्तात एड्स असतो म्हणून जगभर त्यांच्या रक्तदानावर बंदी आहे, हा रोग भारतात त्यांच्यामुळेच आला, तपासणीत तो सापडत नाही, म्हणून शिबिरात असा कुणी दिसला तर त्याला आधीच बाजूला काढा, आणि सुप्रीम कोर्टाने ही बंदी उठवली तर थॅलेसेमियाच्या मुलांच्या जिवावर बेतेल.

यातली शेवटची काळजी खरी आहे, तिला नीट उत्तर द्यायलाच हवं. बाकीचे मुद्दे एकेक करून पाहू.

जगभर बंदी आहे?

भारतात आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) यांच्या २०१७ च्या रक्तदाता निवड मार्गदर्शक सूचनांमध्ये कलम १२ आणि ५१ नुसार ट्रान्सजेंडर व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना ‘एचआयव्हीचा धोका असलेले’ म्हणून रक्तदानासाठी कायमचं अपात्र ठरवलं आहे. तीन महिने किंवा वर्षभर थांबा असं तिथे म्हटलेलं नाही. वीस वर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहणारा, दोघेही निगेटिव्ह असलेला पुरुषसुद्धा आयुष्यभरासाठी बाद होतो.

जगभर मात्र असं नाही. इटलीने २००१ मध्येच प्रत्येक दात्याला त्याच्या वागणुकीबद्दल विचारायची पद्धत आणली. ब्रिटनने जून २०२१ मध्ये, कॅनडाने सप्टेंबर २०२२ मध्ये आणि अमेरिकेने मे २०२३ मध्ये हाच मार्ग धरला. अमेरिकेतली बंदी १९८३ सालची. तेव्हा विषाणू नुकता सापडला होता आणि रक्त तपासायची चाचणी अस्तित्वातच नव्हती. ती आली १९८५ मध्ये. चाचणी नसताना गटच्या गट वगळणं समजण्यासारखं होतं. आपण तो नियम अजून चालवतो आहोत.

रक्तात एड्स असतो?

एड्स ही आजाराची शेवटची अवस्था. रक्तात असतो तो एचआयव्ही, आणि तो संसर्ग झालेल्या माणसाच्याच रक्तात असतो. दोन निगेटिव्ह पुरुषांनी कितीही वेळा संबंध ठेवले तरी त्यातून विषाणू तयार होत नाही.

आकडे लपवायचं कारण नाही. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत गरोदर स्त्रियांमध्ये (यावरून सर्वसामान्य लोकांमधला अंदाज बांधतात) एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२२ टक्के होतं, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये सुमारे ३.३ टक्के. फरक मोठा आहे, आणि बंदीचं समर्थन याच आकड्यावर उभं आहे. पण तोच आकडा असंही सांगतो की त्या गटातल्या शंभरातल्या जवळपास सत्त्याण्णव जणांना एचआयव्ही नाही. रक्तपेढीचं काम हे तीन आणि ते सत्त्याण्णव वेगळे ओळखण्याचं. सगळ्यांना एका ओळीत उभं करून हाकलल्याने ते काम होत नाही.

धोका वाढतो कशाने? जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार सुरू नाहीत आणि कंडोम वापरलेला नाही, अशा परिस्थितीत दर दहा हजार संबंधांमागे अंदाजे किती वेळा लागण होते याचे आकडे उपलब्ध आहेत. गुदमैथुनात आत घेणाऱ्या जोडीदाराला १३८, करणाऱ्याला ११. योनिमैथुनात स्त्रीला ८, पुरुषाला ४. गुदाशयाचं अस्तर पातळ असतं, एका थराचं. ते सहज सोलवटतं आणि त्याखाली विषाणूला हव्या असलेल्या पेशी भरपूर असतात, म्हणून हा फरक. हे शरीररचनेचं कारण आहे. स्त्री-पुरुषांच्या जोडीत गुदमैथुन झालं तर स्त्रीलाही तोच धोका, पण तिला तो प्रश्न कुणी विचारत नाही. आणि ज्या दोन पुरुषांमध्ये गुदमैथुन होतच नाही, त्यांना मात्र नियम कायमचं बाहेर ठेवतो.

रक्तपेढीला नेमकी भीती कशाची, तेही याच हिशेबात दिसतं. एचआयव्ही असलेली पिशवी रुग्णाला चढवली तर दहा हजारात ९२५० वेळा लागण होते. म्हणून रक्ताच्या बाबतीत हयगय चालत नाही, आणि म्हणूनच दात्याला चुकीचा प्रश्न विचारणं परवडत नाही.

भारतात त्यांच्यामुळे आला?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. आपल्याकडे मुख्यतः आढळतो तो एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार, जो आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात स्त्री-पुरुष संबंधांतून पसरला. अमेरिका-युरोपातल्या समलिंगी पुरुषांमध्ये पसरलेला बी उपप्रकार वेगळा. भारतातल्या सुमारे २५ लाख एचआयव्हीग्रस्तांपैकी चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींना लागण झाली ती नवऱ्याकडून. या मुद्द्यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

तपासणीत सापडत नाही?

इथे अर्धवट माहितीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

शिबिरात घेतलेली प्रत्येक पिशवी रक्तपेढीत जाते आणि तिच्यासोबतच्या छोट्या नळ्यांमधल्या रक्ताच्या पाच तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. शिबिरातल्या टेबलावर बोटाला टोचून बघतात ते हिमोग्लोबिन, ते किमान १२.५ लागतं. बरेच जण तीच ‘रक्ताची तपासणी’ समजतात.

अडचण आहे ती विंडो पिरियडची. विषाणू शरीरात शिरला तरी काही दिवस चाचणीला तो दिसत नाही. एलायझासारखी चाचणी प्रतिपिंडं शोधते, ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-२४ प्रथिनही शोधते, तिला अडीच आठवडे पुरतात. नॅट ही चाचणी थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, तिचा आंधळा काळ आठवडा ते दहा-अकरा दिवसांवर येतो. त्याच्याही आधीचे काही दिवस असे असतात की जगातली कुठलीही चाचणी काही सांगू शकत नाही.

म्हणजे तपासणीत सापडत नाही तो ताजा संसर्ग. जुना संसर्ग आजच्या चाचण्यांतून सुटण्याची शक्यता फारच कमी. मग रक्तपेढीला दात्याबद्दल कळायला हवं ते एवढंच: गेल्या काही आठवड्यांत याला लागण झाली असण्याची शक्यता आहे का? हा प्रश्न सदाशिव पेठेतल्या विवाहित गृहस्थालाही तितकाच लागू होतो. कामानिमित्त बाहेरगावी गेला असताना कंडोमशिवाय संबंध ठेवून आलेला आणि दहा दिवसांनी मंडळाच्या शिबिरात पहिल्या रांगेत उभा राहिलेला पुरुष हा विंडो पिरियडचा खरा धोका आहे. अर्जात ‘अनेक जोडीदार’ हा रकाना आहे, पण शेजारी मेहुणा उभा असताना तो रकाना खरा भरला जात नाही.

नॅट भारतात सक्तीची नाही. पुण्यात काही रक्तकेंद्रांत ती होते, काही ठिकाणी नाही. नातेवाइकांनी पिशवी घेताना नॅट झाली आहे का एवढं विचारावं. रक्ताच्या सुरक्षिततेची ज्यांना खरोखर कळकळ आहे, त्यांनी नॅट सगळीकडे व्हावी यासाठी आवाज उठवायला हवा. फिरत्या मजकुरात तिचं नावही नाही.

बंदी उठली तर थॅलेसेमियाच्या मुलांचं काय?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, म्हणजे वर्षाला वीस-पंचवीस वेगवेगळ्या दात्यांच्या पिशव्या सहज होतात. त्याच्या आईवडिलांना वाटणारी भीती अगदी रास्त आहे. २०२१ मध्ये मणिपूरच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या थांगजम सांता सिंग यांनी या बंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका दाखल केली, त्यावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये रुग्णाच्या सुरक्षेचंच कारण पुढे करून बंदीचं समर्थन केलं. मे २०२५ मध्ये कोर्टाने सरसकट एका समाजाला धोकादायक ठरवण्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि केंद्राला तज्ज्ञांचं मत घ्यायला सांगितलं.

मागणी ‘कुणाचंही रक्त घ्या’ अशी नाही. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथे स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक दात्याला सारखेच प्रश्न विचारतात. गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार किंवा एकाहून जास्त जोडीदार होते का, आणि त्यांच्याशी गुदमैथुन झालं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तीन महिने थांबा. गनोरिया हा लैंगिक आजार झाला होता, उत्तेजक अमली पदार्थ घेऊन संबंध ठेवले होते, लागण टाळण्याची प्रेप गोळी घेतली होती, तरीही थांबा. तीन महिने का, तर सगळ्या चाचण्यांचे आंधळे काळ त्यात बसतात. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडं दिसायला दोन महिन्यांहून जास्त लागू शकतात, तोही काळ त्यात येतो. अशी प्रश्नावली आज आपल्याकडे सुटणाऱ्या किती तरी जणांना अडवेल. थॅलेसेमियाच्या मुलाला बंदीपेक्षा तीच जास्त उपयोगी आहे.

आयुष्यभराच्या बंदीचा आणखी एक तोटा आहे. खरं सांगितलं की कायमचं बाद आणि वर ओळख उघडी पडणार, हे माहीत असलेला माणूस खरं सांगत नाही. तीन महिन्यांनी परत या, असं कळलं तर सांगणं सोपं होतं.

इथे समलिंगी मित्रांसाठीही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चांगल्या हेतूच्या लोकांमध्येही हा गोंधळ दिसतो. उपचारांनी विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला की संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही, हे पक्कं सिद्ध झालं आहे. २०११ मध्ये ज्या एचपीटीएन ०५२ अभ्यासाने याचा मोठा पुरावा दिला, त्याचं एक केंद्र पुण्याजवळच्या भोसरीची नारी (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) होती. पण हे लागू होतं शरीरसंबंधांना. रक्ताची अख्खी पिशवी शिरेतून जाते, म्हणून एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने उपचार कितीही उत्तम चालू असले तरी रक्तदान करायचं नाही. प्रेप किंवा पेप (धोका घडून गेल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) घेणाऱ्यानेही नाही, कारण त्या गोळ्यांमुळे कोवळा संसर्ग चाचणीत उशिरा दिसतो.

‘असा कुणी दिसला तर बाजूला काढा’

दिसण्यावरून काहीही कळत नाही. हातवारे, आवाज, कानातली बाळी यांवरून कुणाला रांगेतून बाहेर काढणं म्हणजे चारचौघांत त्याची अब्रू घेणं, आणि त्यातून एकही पिशवी सुरक्षित होत नाही.

मंडळांना, कॉलेजातल्या एनएसएसच्या मुलांना आणि ऑफिसच्या एचआरला खरं तर वेगळंच काम आहे. डॉक्टरांचं प्रश्न विचारायचं टेबल मांडवाच्या कडेला, पडद्याआड ठेवा. स्पीकरच्या आणि रांगेच्या जवळ नको. अर्ज प्रत्येकाने स्वतः भरायचा, कार्यकर्त्याने मोठ्याने वाचून दाखवायचा नाही. ‘अमुक विभागाने शंभर टक्के रक्तदान केलं’ असली चढाओढ लावू नका. ज्याला थांबायचं आहे त्याला थांबता येत नाही आणि मग तो अर्जात खोटं लिहितो. रुग्णालयात नातेवाइकांवर ‘बदली दाता आणा’ म्हणून दबाव येतो तेव्हाही हेच घडतं. आत जाऊन रक्त न देता बाहेर आलेल्याला कारण विचारू नका. हिमोग्लोबिन कमी, रक्तदाब जास्त, उपाशी पोट, वर्षभरात टॅटू काढलेला, गेल्या रक्तदानाला नव्वद दिवस (स्त्रियांसाठी एकशेवीस) झालेले नाहीत, शंभर कारणं असतात.

आणि एचआयव्हीची चाचणी फुकटात होईल म्हणून रक्तदान, हे कुणीच करू नये. कालपरवा धोका पत्करलेला माणूस असं करतो तेव्हा त्याची पिशवी नेमकी विंडो पिरियडमधली असते. त्याच्यासाठी आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र आहे, ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात, मोफत आणि गुप्त. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. चाचणीआधी संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं. धोका ७२ तासांच्या आतला असेल तर आधी डॉक्टरांना गाठून पेपबद्दल विचारा. गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, आणि त्या २८ दिवस न चुकवता घ्यायच्या असतात.

शिबिरात लाजेखातर रक्त देऊन झालं असेल, तरी वेळ गेलेली नसते. दात्याला मिळालेल्या कार्डावर रक्तपेढीचा फोन असतो. त्याच दिवशी फोन करायचा, शिबिराची जागा आणि आपला दाता क्रमांक सांगायचा आणि ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढंच म्हणायचं.