सगळ्यांची शू झाली का?

स्पेस शटलच्या उलटगणतीत मुद्दाम ठरवलेले थांबे असत. घड्याळ वीस मिनिटांवर आलं की थांबायचं, पुढे नऊ मिनिटांवर परत थांबायचं. ही माहिती नवऱ्याने अवकाश केंद्राच्या तिकीट खिडकीपाशी मोठ्या कौतुकाने सांगितली, तेव्हा मी सासूबाईंचा चष्मा आणायला गाडीकडे निघाले होते. आमच्याकडे थांबे ठरवावे लागत नाहीत.

आत शिरताच त्याने फलक वाचायला घेतले. सगळे. फलक वाचणाऱ्या माणसाबरोबर कुठल्याही संग्रहालयात जाऊ नये, हे खरं तर लग्नाआधीच कुणीतरी सांगायला हवं. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलं होतं, लांबी सुमारे १११ मीटर. इंजिनांपासून टोकापर्यंत त्याने आम्हाला चालवलं. सासूबाईंनी मध्येच बाक गाठला.

"एवढ्यातलं परत काय येतं रे?"

"टोकाचा तो शंकू. तीन माणसं बसतात."

"आणि बाकीचं?"

"वाटेत टाकत जातात."

सासूबाईंनी माझ्या दोन्ही खांद्यांवरच्या पिशव्यांकडे पाहिलं. "हे शिकण्यासारखं आहे."

मुलांना मात्र एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : अंतराळात शू कशी करतात? तिथल्या मार्गदर्शक मुलीला हे रोजचंच असावं. ती जराही न लाजता म्हणाली, नळी असते, हवेने ओढून घेतात, मग शुद्ध करून तेच पाणी प्यायला वापरतात. लेकीने ओठांपर्यंत नेलेली बाटली खाली घेतली आणि झाकण घट्ट पिरगाळलं.

नवऱ्याला एवढ्यावर कुठलं राहवायला! ५ मे १९६१. अ‍ॅलन शेपर्ड, अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, म्हणून शूची सोयच केलेली नव्हती. पण निघायची वेळच लांबत गेली आणि बिचारा चार तासांहून जास्त वेळ यानात आडवा पडून. शेवटी त्याला पोशाखातच उरकायची परवानगी द्यावी लागली. धाकटा हे इतक्या एकाग्रतेने ऐकत होता की मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

शेवटी उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्राची रांग. नवरा खरा आला होता तो यासाठीच. रांग मुंगीच्या पावलांनी सरकली, आमचा नंबर आला, दार उघडलं.

"आई, लागली."

"आत्ता तर विचारलं होतं!"

"तेव्हा नव्हती लागली." मग हळूच, "शेपर्डला परवानगी दिली होती."

नवऱ्याने त्याला काखोटीला मारलं आणि उलट्या दिशेने, माफी मागत, अख्खी रांग कापत पळाला.

दाराशी सूचना सुरू होत्या : रक्तदाब, पाठदुखी, मानेचा त्रास असलेल्यांनी बसू नये. सासूबाईंना तिन्ही आहेत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली आणि नातीचा हात धरला.

"तू बाहेरच थांब. तुला झेपायचं नाही."