‘प्लग अँड प्ले आहे, अर्ध्या तासात घरीच लावा’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, एलईडी हेडलाइट, डॅशकॅम हे सगळं प्लग अँड प्ले, म्हणजे नुसतं जोडलं की चालू होणारं असतं, कुणीही अर्ध्या तासात घरी लावू शकतं, रिले-बिले म्हणजे मेकॅनिकनी वाढवलेला खर्च, फ्यूज उडाला तर एक नंबर मोठा टाका, आणि हेडलाइटला जितका जास्त उजेड तितकं जास्त सेफ. मी स्वतः बरीच वर्षं माझ्या गाडीवर हौसेनं काम करतोय, त्यामुळे घरी करू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट कराच. पण हे वाचून कुणी नवखा बॉनेट उघडणार असेल तर मला गप्प बसवत नाही.

आधी फ्यूज, कारण ती ओळ सगळ्यात घातक आहे. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो हो, वायरला वाचवायला असतो. वायर किती करंट सोसेल त्यावरून त्याचा नंबर ठरतो. समजा १५ अँपिअरचा निळा उडाला आणि तुम्ही तिथे ३० चा हिरवा खोचला, तर कुठे वायर घासून गडबड झाली की २५ अँपिअर जात राहिले तरी तो फ्यूज जागचा हलणार नाही आणि तापून वितळणार ती वायर, तीही डॅशबोर्डच्या आत किंवा कार्पेटखाली, जिथे तुम्हाला काही दिसत नाही. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा लोड जास्त झालाय, ते शोधायचं, बस. आणि थेट बॅटरीवरून नवीन लाइन ओढली तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे. तो दिव्यापाशी लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाविनाच राहिली ना.

रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, उगाच असतो म्हणे. हिशोब करा. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टनी भागा, ९ अँपिअरच्या वर जातं. डॅशबोर्डवरचं छोटं बटण एवढा करंट रोज तोडायला-जोडायला बनवलेलंच नसतं, आतले पॉइंट जळतात, बटण मऊ पडतं, मग एक दिवस दिवा बंदच होत नाही. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, बटण तेवढंच सांभाळतं आणि जड करंट रिलेतून जातो. पिनांवर नंबर छापलेले असतात, ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा. एवढं समजलं की निम्मी भीती जाते, खरंच.

आता अर्धा तास. दिवा बसवायला अर्धा तास पुरतो, वायर नीट न्यायला अख्खी दुपार जाते. माझ्या पहिल्या फॉग लॅम्पच्या वेळी मी इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये येणाऱ्या भोकातून वायर तशीच आत ढकलली होती, भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग, म्हणजे ग्रोमेट, न लावता, कारण तेव्हा ती छान सरकली. काही महिन्यांनी फ्यूज उडायला लागला, रोज नाही, खड्ड्यात गाडी आदळली की. दोन रविवार शोधलं आणि शेवटी टॉर्च मारून बघितलं तर पत्र्याच्या कडेने वायरचं प्लास्टिक सुरीने कापावं तसं कापलेलं, आत तांब्याची चकचकीत रेघ. तेव्हा मी मोठा फ्यूज टाकला असता तर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो. अर्थिंगचंही, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतो त्याचंही तेच, रंगावरच स्क्रू आवळला तर दिवा मंद लागतो आणि आपण बल्बला दोष देत बसतो. रंग खरवडून कोरा पत्रा काढा. आणि पीळ मारून वर टेप गुंडाळू नका, इंजिनाच्या गरमीने टेपचा गोंद सुटतो, क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत वायर दाबून जोडून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केलं की आवळणारी प्लास्टिकची नळी, चढवा.

जास्त उजेड म्हणजे जास्त सेफ, हे तर समोरच्याच्या जिवावर बेतणारं आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलॅमेंटच्या ठरलेल्या जागेसाठी बनवलेला असतो, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी प्रकाश विस्कटतो. त्यात एलईडी बल्ब टाकला की डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लो बीमवरसुद्धा उजेड वर उडतो, समोरचा आंधळा होतो, आणि तुमच्या बंपरपुढचा रस्ता लख्ख दिसत असल्यामुळे डोळे आकसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. लावलाच असेल तर संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची वरची कड बघा, ती आधीसारखी स्पष्ट नसेल तर काढून टाका.

डॅशकॅम त्यातल्या त्यात सोपा, हे मान्य. पण पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू ठेवला तर, तो समजा ३०० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ७ अँपिअर-अवर गेले, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवस उभ्या गाडीत निम्मी होते, म्हणून व्होल्टेज पडलं की बंद करणारं किट घ्या. आणि काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमागे बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग असते, वायर तिच्या पुढून नाही, मागून न्यायची. एअरबॅगचं पिवळं कनेक्टर दिसलं की हात लावायचा नाही, टेस्टर तर नाहीच नाही.

मेसेजमधलं एक बरोबर आहे, वायपर, केबिन फिल्टर, तयार सॉकेटमध्ये बसणारी वस्तू यासाठी कुणाकडे जायची गरज नाही. बाकी काहीही लावलंत तर शेवटी हे एक करा, सगळं चालू करून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग वायर, जोड, फ्यूज होल्डर एकेक करून हाताने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तिथेच बंद करा आणि जाड वायरने तेवढा भाग परत ओढा.