अठरा पूर्ण झाल्यावरचा आधार: एका फिरत्या मजकुराला उत्तर

सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या मुलांविषयी एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारने अठरा वर्षे सांभाळले, आता पुरे, त्यापुढे मदत केली तर ही मुले आयते बसून खातील, आणि तसेही कायद्याने त्यांना सगळे मिळतेच.

पहिल्या विधानामागे अठराव्या वर्षी माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो असे गृहीत आहे, पण कुटुंबात वाढलेल्या मुलांना हा नियम कुणीच लावत नाही. युरोपीय संघात तरुण आईवडिलांचे घर सोडतात ते सरासरी सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, आणि पुढे नोकरी गेली किंवा आजारपण आले तर त्यांतल्या बहुतेकांना परत जायला घर असते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला ते नसते. त्याचा वाढदिवस परीक्षेच्या पंधरवडाभर आधी आला, तर ऐन अभ्यासात मुक्काम हलवायची वेळ येते. भाड्याच्या खोलीचा अर्ज भरायला घेतला की ‘पालकांचे नाव’, ‘कायमचा पत्ता’ आणि ‘जामीनदार’ हे तीन रकाने ओळीने कोरे राहतात, आणि मेहनती असणे किंवा नसणे याने ते भरत नाहीत. शिवाय ‘सांभाळले’ हा शब्द उपकाराचा आहे. मुलाचा ताबा सरकारकडे येतो तो कायद्याने दिलेल्या आदेशाने. म्हणजे पालकाची जागा सरकारने स्वतः घेतलेली असते.

दुसरा मुद्दा आयते खाण्याचा. हा अंदाजाने सोडवण्याची गरज नाही, कारण अमेरिकेत इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील अशा सातशेहून अधिक तरुणांचा २००२ पासून अनेक वर्षे पाठपुरावा झाला. इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत देखरेखीत राहता येत असे, तर उरलेल्या दोन राज्यांत साधारणपणे अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागे. जे राहिले त्यांच्यात पुढे शिकणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले. (राज्याराज्यांत इतरही फरक असतात हे खरे, पण मजकुराच्या बाजूने एवढाही पुरावा कुणी दिलेला नाही.) २००८ मध्ये अमेरिकी संघराज्याने एकविसाव्या वर्षापर्यंतच्या मदतीला निधी देऊ केला, तेव्हा अटीही घातल्या: शिक्षण चालू हवे, किंवा रोजगाराच्या तयारीचा कार्यक्रम, किंवा महिन्याला किमान ८० तास काम, सूट फक्त आजारपण वा अपंगत्वामुळे हे जमत नसेल त्यांना. याला आयते बसणे म्हणणे अवघड आहे.

नुसत्या रोख रकमेविषयीची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. बँकेचा व्यवहार कधी केलेला नाही, विचारायला कुणी नाही, अशा मुलाच्या हाती एकदम पैसे दिले तर ते लवकर संपू शकतात. पण यावरचा उपाय सोबत माणूस देणे हा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही बाहेर पडण्याची तयारी शक्य तितक्या लवकर, निदान निघण्याच्या बऱ्याच आधी सुरू करावी, असे म्हटले आहे.

‘कायद्याने सगळे मिळते’ हे तिसरे विधान लिहिणाऱ्याने कायदा उघडून पाहिलेला दिसत नाही. भारताच्या बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, व्याख्या आहे. या अधिनियमाखालच्या आदर्श (म्हणजे नमुना) नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तो तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येतो. पण आर्थिक मदतीविषयीच्या ४६ व्या कलमाची भाषा ‘देता येईल’ अशी आहे, ‘द्यावी लागेल’ अशी नाही. इंग्लंडमध्ये पात्र तरुणाला वैयक्तिक सल्लागार नेमून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि २०१७ च्या कायद्यानंतर त्याची मर्यादा पंचविसाव्या वर्षापर्यंत गेली आहे. तिथे सल्लागार नेमला नाही, तर प्राधिकरणाला जाब विचारता येतो. ४६ व्या कलमाखाली मदत मिळाली नाही, तर कलम मोडले असे म्हणणेही कठीण.