कडी आपल्या दाराची, पगार कापायचा वॉचमनचा?

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते वाचून डोकं तापलंय, म्हणून इकडे लिहितेय. दुसऱ्या मजल्यावर चोरी झाली. लॅपटॉप, दोन मोबाईल आणि पर्स. तेव्हापासून एकच धोशा: वॉचमनला काढा, नुकसान त्याच्या पगारातून कापा. एका महाशयांनी तर कामवाल्या मावशींच्या पिशव्या गेटवर तपासा असं लिहिलं. खाली अंगठ्यांची ही रांग!

झालं काय ते ऐका. त्या घरातले दादा पहाटे तलावपाळीला चालायला गेले. परत येऊन बेल वाजवली तर सगळे उठतील, म्हणून लॅचचा खटका अडकवून दार नुसतं लोटून घेतलं. सेफ्टी डोअरला तर कडीच नाही. वहिनी आंघोळीला, मुलगा आत झोपलेला, हॉलमध्ये टीपॉयवर सगळं चार्जिंगला. कॅमेऱ्यात पाठीला सॅक लावलेला एक पोरगा जिना चढताना दिसतो आणि थोड्या वेळाने तितकाच सावकाश उतरताना. दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीला त्याने हातही लावला नाही.

आणि वॉचमन मामा कुठे होते? मागे, पंपापाशी. तिसऱ्या मजल्यावरून पाण्यासाठी ओरडा सुरू होता. तोच तिसरा मजला आता ग्रुपवर 'मामा झोपा काढतात' म्हणून लिहितोय. लाज नाही वाटत?

पोलिसांनी आल्या आल्या विचारलं, कुलूप-कडी काही तोडलंय का? नाही. मग तक्रारीत तेच नेहमीचं वाक्य, जे आपण पेपरात ठाणे शहराच्या पानावर वाचून पुढे जातो: 'उघड्या दरवाजावाटे प्रवेश करून'. विम्याचंही तसंच. बहुतेक पॉलिसींत काहीतरी फोडून, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण असेल तरच घरफोडी धरतात. लोटलेल्या दाराला कसली खूण?

हो, मान्य, गुन्हा चोराचाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, दार उघडं होतं म्हणून त्याला सूट नाही. पण तो सापडेपर्यंत राग काढायला मामा आणि मावशी आयते मिळतात ना!

दुपारी वहिनींकडे जाऊन आले. बिचाऱ्या सारखं म्हणत होत्या, मी थोडी उशिरा आंघोळीला गेले असते तर... अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? रडून झाल्यावर आम्ही कामाला लागलो. सिम बंद केलं, यूपीआयसाठी बँकेला फोन केला. संचार साथी या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायचा तर पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर हवा. मोबाईलचा खोका रद्दीत गेलेला. शेवटी बिल सापडलं, त्यावर नंबर होता. तुम्हीही आज तो नंबर कुठेतरी लिहून ठेवा. *#०६# दाबलं की दिसतो.

आणि खिडक्या! तळमजल्यावाल्यांनो, मे महिन्यात उकडतं हे मलाही कळतं. पण ग्रिलला लागूनच मोबाईल चार्जिंगला आणि खुंटीवर पाकिटासकट पँट? बाहेरून काठी घालून ओढून घेतात. आत यायची गरजसुद्धा पडत नाही. पलंग नाही हलवता येत तर निदान खुंटी हलवा.

आता कुणीतरी लिहिणारच, 'आमच्या कोपरीच्या चाळीत दारं दिवसभर उघडी असायची.' असायची, खरंय. पण तिथे गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आज्या होत्या, नवखा माणूस दिसला की 'कोणाकडे रे?' विचारणाऱ्या. इथे तो सॅकवाला पोरगा उतरताना आपल्यातल्याच एकाला जिन्यात भेटला. कॅमेऱ्यात दिसतंय. त्याला वाटेला जागा दिली आपण! कोण ते लिहीत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

रविवारी मीटिंग आहे. पगारकपातीचा ठराव आला तर विरोधात माझं नाव आत्ताच लिहून ठेवा. आणि ठराव करायचाच असेल तर पंपाला ऑटोमॅटिक बसवायचा करा, कोटेशन कधीचं सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये पडलंय.