भेटीला जाताना बाटली विसरू नका

कुणाच्या किडनीत गाठ निघाली असं कानावर आलं की पहिलं काम डॉक्टरचं नसतं, तुमचं असतं. चपला घालायच्या, पिशवीत बाटली टाकायची आणि निघायचं. बाटलीत काय आहे हे फारसं महत्त्वाचं नाही. हिरवं असावं, चव घेतल्यावर तोंड वाकडं व्हावं आणि कुणाच्या तरी मेव्हण्याला त्याचा गुण आलेला असावा.

हे मी अनुभवाने सांगतो. दिवाळीनंतर दादाची सोनोग्राफी केली ती पित्ताच्या खड्यांसाठी. खडे राहिले बाजूला, डाव्या किडनीवर ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. दुखणं नाही, लघवीतून रक्त नाही, काही नाही. किडनीच्या कितीतरी गाठी हल्ली अशाच, भलतंच शोधताना सापडतात. परळच्या डॉक्टरांनी सीटी बघितला आणि म्हणाले, वेळेत आलात, किडनी ठेवून नुसती गाठ काढू. ऑपरेशनची तारीख २५ दिवसांनंतरची मिळाली. आमच्या वाडीला २५ दिवस म्हणजे भरपूर झाले.

तर, पडवीत टेकल्या टेकल्या 'कापल्यार पसारता' हे वाक्य टाकावं. आवाज खाली ठेवावा, पण माजघरात वहिनीला ऐकू जाईल इतपत.

रिपोर्ट मागून घ्यावा. उलटा धरला तरी चालतो.

मग हळदीवर यावं. मोबाइल काढावा आणि 'हळदीने किडनीचा कॅन्सर मरतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' हे मोठ्याने वाचून दाखवावं. ते अगदीच खोटं नाही, म्हणून जास्त उपयोगी पडतं. प्रयोगशाळेत ७८६-ओ नावाच्या किडनी कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवतात. त्यांच्यावर हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, ग्रीन टीमधलं इजीसीजी असं काय काय घालून पाहिलेलं आहे आणि पेशी मरतातही. बशीत आमच्या घरचं कोकमाचं आगळ ओतलं तरी मरतील. बशीला पोट नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं. हळकुंडात कर्क्युमिन असतं शेकड्याला दोनतीन भाग, त्यातलं आतड्यातून रक्तात उतरतं ते नावापुरतं, आणि जे उतरतं त्याची यकृत लगेच वासलात लावतं. बशीत जेवढं ओततात तेवढं दादाच्या किडनीपर्यंत पोचवायचं तर त्याला काय हळदीच्या पोत्यात पुरायचा? पण हे विचारणारा माणूस निगेटिव्ह असतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

यानंतर 'अरे, सगळी औषधं झाडपाल्यातूनच तर येतत' असं म्हणावं. हे मात्र जपून, कारण ते खरं आहे आणि समोरचा पुढचं विचारू शकतो. आपल्या आंबोलीच्या रानातलं नरक्याचं झाड घ्या. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं म्हणून चोरून तोडतात, ट्रकने नेतात. हे द्रव्य १९६६ साली सापडलं, माणसांवर वापरायला घेतलं तर मूत्राशय रक्तबंबाळ व्हायला लागलं, चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग त्याचा रेणू बदलून, मात्रा ठरवून बऱ्याच वर्षांनी औषधं झाली, तीही दुसऱ्या कॅन्सरसाठी. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टीन निघालं. ते किडनीच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं, फारसा उपयोग होत नाही असं दिसलं आणि मागे पडलं. हे सांगणारे डॉक्टर त्याच सदाफुलीचं औषध दुसऱ्या कॅन्सरला आजही देतात. आणि जे खरोखर किडनीच्या कॅन्सरला लागू पडलं ते कुठून आलं? मातीतून! इस्टर बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीतल्या जिवाणूत रापामायसिन मिळालं. त्याला सुधारून केलेलं टेम्सिरोलिमस २००७ मध्ये आणि एव्हरोलिमस २००९ मध्ये पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मंजूर झालं. गाठ थोपवून धरतं, नाहीशी करत नाही, आणि तोंड सोलून निघतं ते वेगळं. माती ते गोळी यात ४० वर्षं गेली. तुम्ही परसात जाऊन चाळीस मिनिटांत येता.

कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून पपनस न्यावं. ग्रेपफ्रूट ह्या पपनसाचंच पोर, आणि सुनिटिनिब, पाझोपॅनिब ह्या किडनी कॅन्सरच्या गोळ्या घेणाऱ्यांना ग्रेपफ्रूट बंद असतं.

मामफळाची पानं, लक्ष्मीतरूचा काढा, गोमूत्र. आले होते. सगळे आले होते.

सापसंदाची मुळी उगाळून देणारेही आले. साप चावल्यावर चालते ती गाठीवर का चालणार नाही, असा मुद्दा. सापसंद म्हणजे ईश्वरी. तिच्या कुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत ह्याच कुळातली एक चिनी वनस्पती चुकून गेली. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. गाठ विरघळवायला जी मुळी उगाळायची, तीच मुळी गाठ आणणारी.

स्वतः विडी ओढत ओढत सल्ला द्यावा. विडीही पानाचीच असते. धूम्रपान, वाढलेलं वजन आणि वाढलेलं ब्लडप्रेशर ही ह्या कॅन्सरची ठरलेली कारणं, पण ती काय सांगायची, त्याला बाटली लागत नाही. उलट प्रेशरची गोळी बंद करायला सांगावी. गोळी गरम पडते.

आता बाटलीचं.

वाडीतले एक तात्या. माणूस देवासारखा, असं सगळे म्हणतात. ते बिंबलांचा रस घेऊन आले. बिलिंबी हो, करमळाची भावंड. तात्यांच्या परसात झाड लगडलेलं असतं. बांगड्याच्या तिखल्यात दोन बिंबलं पडली तर त्यासारखं सुख नाही, ते वेगळं. तात्यांनी रस काढला होता, निव्वळ, पाण्याचा थेंब नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक पेला. 'किडनी आतसून धुवन निघता. निसर्गाचा आसा, तेका साइड इफेक्ट कसलो?' दादाने आम्हाला न सांगता सहा दिवस घेतला. भीती वाटत होती त्याला ऑपरेशनची. कुणालाही वाटेल.

केरळात कोलेस्टेरॉल उतरवायला हाच रस प्यायलेल्या माणसांच्या किडन्या बंद पडल्याचं डॉक्टरांनी २०१३ सालीच लिहून ठेवलंय. त्यात ऑक्झॅलेट भरलेलं असतं. त्याचे खडे किडनीच्या नळ्यांत बसतात, लघवी आटते. काहींना डायलिसिसवर ठेवावं लागलं.

आम्ही रात्रीच्या गाडीने, वेटिंगवर, तिघे एका बर्थवर बसून परळला पोचलो. हायवेने गेलो असतो तर काय झालं असतं ते बोलायला नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं रक्त. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढतं ते, महिन्यापूर्वी १ होतं, ते ३.६. डॉक्टरांनी दोनदा तपासून घेतलं आणि मग दादाला विचारलं, काय घेतलं? तो माझ्याकडे बघेना. तारीख रद्द. दोनदा डायलिसिस. ज्या डॉक्टरांनी किडनी वाचवून गाठ काढायची ठरवली होती, ते आता आधी किडनी जागेवर यायची वाट बघतायत आणि गाठ आहे तिथेच आहे.

तात्यांना फोन केला. म्हणाले, 'बरा झाला, घाण भायर पडताहा.'

अहो, घाण नाही, माणूस बाहेर पडत होता! तुम्हाला कुणी विचारलं होतं? चार सेंटिमीटरची गाठ होती, काढली की बहुतेक जण बरे होतात अशी गाठ होती, आणि तुम्ही त्याला परसातलं काहीतरी पाजलंत, का, तर रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. मात्रा माहीत नाही, आत काय आहे माहीत नाही, त्याच्या आधीच्या गोळ्या कुठल्या विचारलं नाही. विद्यापीठातला माणूस वीस वर्षं उंदरांवर घासून 'अजून नक्की सांगता येत नाही' म्हणतो आणि तुम्ही चहा थंड व्हायच्या आत शंभर टक्के गॅरंटी देता. गुण आला तर तुमचा, नाही आला तर 'हॉस्पिटलात नेल्यानी, थय बिघाडला'. वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होती तेव्हा तुमच्यातलं कोण होतं तिथे? यायचं तर तिला डबा घेऊन या. रक्त द्यायला या. गाडीची तिकिटं काढून द्या. नाहीतर घरी बसा.

दादाला आठ दिवसांसाठी घरी आणलंय. परवा रविवारी तात्या पुन्हा आले. दादाच्या पाठीवरून हात फिरवला, चहा घेतला, दोन वेळा 'देव आसा' म्हणाले. निघताना उंबऱ्यावर थांबून मला म्हणाले, 'ती बाटली रिकामी झाली आसात तर दी रे, माका बरी पडता.'

बाटली दिली नाही. तळाला बोटभर रस आहे अजून. डॉक्टरांनी बघायला मागितलीय. रिपोर्टांच्या पिशवीत, टोपण घट्ट लावून ठेवलीय.