एका बुटाचा पुरावा

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अडीच महिने झाले, एकच वाद पेटलेला आहे. भडगाव तालुक्यात गिरणेकाठी आमचं गाव. ऑगस्टमध्ये फरशी पुलावरून पाणी वाहत असताना एका छोटा हत्तीवाल्यानं गाडी घातली आणि ती कलंडली. ड्रायव्हर कसाबसा बाहेर आला, पण त्याचा नऊ वर्षांचा मुलगा केबिनमध्ये अडकला. काठावर तीसेक माणसं उभी होती. पाण्यात उतरला तो एकच, आणि त्याचं नाव गावात कोणी चांगल्या तोंडानं घेत नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांबं विकतो, असा त्याच्यावर आरोप आहे. दोनदा पोलिसांनी नेलंही होतं. त्यानं काच फोडली, पोराला पाठीवर घेतलं, काठावरून एका तरुणानं फेकलेला दोर धरला आणि बाहेर आला. पोलिसांची गाडी येते आहे असं कुणीतरी म्हणालं, तसा ओल्या कपड्यांनिशी बांधाबांधानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला तो दोर फेकणाऱ्या तरुणाचा. गणपतीत मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. त्याची पहिली मुलाखत मी चार वेळा पाहिली आहे. सुरुवातीला तो म्हणतो, ‘आम्ही सगळेच होतो.’ माइकवाला पुन्हा विचारतो, ‘पण उडी कोणी मारली?’ तो परत म्हणतो, सगळे होतो. तिसऱ्यांदा तोच प्रश्न येतो आणि तो गप्प राहतो. त्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी ‘मी’ असा लावला.

आता ग्रुपवर एक बाजू म्हणते, पोरगा खोटारडा आहे, फ्लेक्स फाडा. दुसरी म्हणते, मग काय केबलचोराच्या गळ्यात हार घालायचा? आणि दोन्हीकडचे मिळून शेवटी चॅनलवाल्यांना शिव्या देतात.

मी गेली चौदा वर्षं पिट्सबर्गला राहते. हा वाद वाचताना मला सारखा एक अमेरिकन सिनेमा आठवत राहिला. स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला, 1992 चा ‘हीरो’. डस्टिन हॉफमन त्यात बर्नी नावाचा भुरटा चोर झाला आहे. चोरीच्या मालाच्या खटल्यात दोषी ठरलेला, बायकोपासून वेगळा झालेला, मुलाला दिलेली वेळही न पाळणारा. त्याच्या गाडीसमोर विमान कोसळतं. चिखलात उतरताना तो पायातले महागडे बूट काढून ठेवतो, कुरकुरत दार उघडतो, आणि एक लहान मुलगा ‘माझे बाबा आत आहेत’ म्हणतो म्हणून पेटत्या विमानात शिरतो. आत असताना एका बाईची पर्सही लांबवतो. ती बाई टीव्हीची वार्ताहर असते. या गडबडीत त्याचा एक बूट हरवतो. पुढे वाटेत त्याला गाडीत घेणारा, स्वतः गाडीतच राहणारा एक बेघर माजी सैनिक त्याच्याकडून ही हकीकत ऐकतो. उरलेला बूट बर्नी त्यालाच देऊन टाकतो. वाहिनी त्या अज्ञात तारणहाराला दहा लाख डॉलर जाहीर करते, तेव्हा तो सैनिक बूट घेऊन हजर होतो. बूट सापडलेल्या बुटाशी जुळतो. संपली चौकशी.

हसता हसता हा सिनेमा एका अवघड जागी नेऊन ठेवतो. तो तोतया माणूस वाईट नाही. हीरोची झूल अंगावर पडल्यावर तो खरोखर तसा वागायला लागतो. इस्पितळात जातो, आजाऱ्यांना धीर देतो, आणि मनातल्या मनात खोटेपणानं पोखरत जातो. इतका की शेवटी एका उंच इमारतीच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो. आमच्या फ्लेक्सवरच्या पोराबद्दल मला हीच भीती वाटते. त्यानं दोर फेकला होता. तो दोर नसता तर दोघंही वाहून गेले असते. जेवढं त्यानं केलं तेवढं त्याच्या नावावर राहिलं असतं, तर आज त्याला मान खाली घालून फिरावं लागलं नसतं. आता त्याचं खरं कामसुद्धा लोक खोटं ठरवतात. म्हणून फ्लेक्स फाडणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण माझा मोठा वाद आहे तो दुसऱ्या बाजूशी, आणि त्या बाजूला माझे सख्खे काका आहेत. आप्पा फोनवर म्हणाले, ‘तुला तिथं बसून काय कळतं? मागच्या मे महिन्यात आपल्या विहिरीवरची केबल गेली, तेव्हा केळीला सहा दिवस पाणी नव्हतं.’ आप्पांचा राग मला समजतो. खान्देशातल्या मे महिन्यात केळीला सहा दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे ज्यानं ती पिवळी पडलेली पानं पाहिली त्यालाच ठाऊक. केबलचा खर्च वेगळा, माणूस वर्षाची आशा गमावून बसतो. चोरी त्यानंच केली हे कोर्टात सिद्ध झालं तर त्याला शिक्षा व्हावी, असं मलाही वाटतं. पण आप्पा, त्या दिवशी पाण्यात जो मुलगा होता त्याला वर काढणारे हात कोणाचे, हा प्रश्न वेगळा आहे. केबलच्या हिशेबात तो वळता करता येत नाही.

मी राहते त्या शहरात या प्रश्नाचा विचार करणारी एक संस्थाच आहे. 25 जानेवारी 1904 ला इथून जवळच्या हार्विक कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 179 माणसं गेली. त्यांना शोधायला आत उतरलेले आणखी दोघे मेले. त्याच वर्षी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी 50 लाख डॉलर देऊन हा ‘हीरो फंड’ उभा केला. तेव्हापासून दहा हजारांहून जास्त पदकं दिली गेली आहेत. स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याला वाचवणाऱ्या, किंवा वाचवायचा प्रयत्न करणाऱ्या साध्या नागरिकाला ते पदक आहे. घटना दोन वर्षांच्या आत कळवावी लागते. मग चौकशी होते, साक्षीदारांशी बोलतात, ठोस पुरावा लागतो. वाचवणारा मेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मदत मिळते. निकष मी काळजीपूर्वक वाचले. आधीचं आयुष्य स्वच्छ असावं अशी अट मला त्यांत कुठे दिसली नाही. खुद्द कार्नेगींचा पैसाही निर्मळ नव्हता. त्यांच्याच कंपनीच्या होमस्टेडच्या कारखान्यात 1892 साली संपकरी मजुरांविरुद्ध खासगी बंदूकधारी आणले गेले आणि माणसं मेली. तरी हार्विकच्या त्या दोघांची आठवण त्या पैशानंच जपली.

अमेरिका शहाणी आणि आपण अडाणी, असं मला म्हणायचं नाही. बूट जुळला की चेक देणारी ती वाहिनी इथलीच आहे, सिनेमावाल्यांनी ती काही आभाळातून आणली नाही. इथेही संध्याकाळच्या बातम्यांना एक चेहरा लागतो. आणि आपल्याकडे तर त्याची जुनी खूण आहे. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारला इंग्रजांविरुद्धच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार सगळ्यांना पाठ आहे, आणि असायलाच हवा. पण त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. नंदुरबारच्या बाहेर किती जणांना ही चार नावं सलग सांगता येतील? मला शाळेत एकच नाव शिकवलं होतं. बाकीची मी मोठेपणी, माणिक चौकातल्या स्मारकापाशी उभी असताना वाचली आणि फार वाईट वाटलं.

चौकशी करून मान देण्याची सोय आपल्याकडेही आहे. जीवन रक्षा पदक 1961 पासून दिलं जातं, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन श्रेणींत, आणि प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. पण प्रस्ताव कोणी तरी लिहावा लागतो. फ्लेक्सला एक रात्र पुरते, याला जबाब, तारखा, सह्या लागतात. ग्रुपवर अडीच महिन्यांत शेकडो मेसेज पडले, एकानंही काठावरच्या तीस माणसांना विचारून कागदावर लिहून घेतलं नाही.

म्हणून मी चुलतभावाला पाण्यात उतरलेल्या त्या माणसाच्या घरी पाठवलं. तो बोलायला तयार नव्हता. पदकाचं ऐकून म्हणाला, त्यापेक्षा केस मिटवा. तू उडी का मारलीस असं विचारल्यावर एवढंच म्हणाला, ‘पोऱ्या व्हता ना पानीमा. मंग काय करसू?’

भाऊ म्हणाला, ‘ताई, हा सही देणार नाही.’ त्याची सही नसली तरी चालेल, साक्षीदारांची हवी. मुलाच्या आईनं जबाब दिला आहे. ड्रायव्हरनं दिला आहे. दोर फेकणाऱ्या त्या तरुणाला मी स्वतः फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘ताई, मी लिहून देतो, पण फ्लेक्स आधी उतरवू द्या.’ फ्लेक्स उतरला आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा अर्ज भावानं ग्रामसेवकाकडे दिला आहे. काठावरच्या आणखी दोघांच्या सह्या बाकी आहेत. त्यातले एक आप्पा आहेत.